थंडी, शेगडी आणि बंद खिडकी

हरसूल हे नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं बाजाराचं गाव. आजूबाजूला सह्याद्रीचे डोंगर, पाड्यापाड्यांत विखुरलेली वस्ती, आणि भात-नागलीची शेती. इथल्या पावसाबद्दल पुष्कळ बोललं जातं, थंडीबद्दल फारसं नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगावर ऊन चांगलं तापतं, पण सूर्य डोंगराआड गेला की तासा-दोन तासांत गारठा उतरतो आणि पहाटेपर्यंत वाढत जातो. मग अंगणात शेकोटी पेटते, आणि झोपायच्या वेळी घमेल्यात किंवा शेगडीत निखारे भरून आत आणले जातात.

ही रीत जुनी आहे. ती ज्या घरांत रुजली ती घरं मात्र झपाट्यानं बदलत आहेत. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेल्या भिंती आणि वर कौलं, हे इथलं जुनं घर. आता घरकुल योजनांमधून आणि लोकांच्या स्वतःच्या खर्चातून विटा-सिमेंटची घरं उभी राहिली आहेत. वर पत्रा किंवा स्लॅब, खिडकीला तावदान, दाराला घट्ट चौकट. घर बदललं, शेगडी तीच राहिली. या एका बदलामुळे थंडीतलं ऊबेचं गणित कसं उलटतं, आणि ऊब मिळवण्याचा सुरक्षित आणि परवडणारा मार्ग कोणता, हे या लेखात पाहू. गणित सोपं आहे, सातवी-आठवीच्या वर्गात सहज करता येईल.

खोली गरम करायला किती उष्णता लागते?

दहा बाय दहाची खोली घेऊ, उंचीही दहा फूट. म्हणजे १००० घनफूट, साधारण २८ घनमीटर हवा. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, तेव्हा खोलीतली सगळी हवा भरते जवळजवळ ३४ किलो. एक किलो हवेचं तापमान एक अंशानं वाढवायला सुमारे १ किलोज्यूल उष्णता लागते. बाहेर १२ अंश सेल्सिअस आहे आणि आत २० हवे आहेत, म्हणजे ८ अंशांची वाढ. ३४ गुणिले ८, उत्तर २७२ किलोज्यूल.

ही उष्णता किती? एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ एवढीच उष्णता लागते. दीड हजार वॅटचा विजेचा हीटर ती ३ मिनिटांत देतो. म्हणजे हीटर लावून ३ मिनिटांत खोली उबदार व्हायला हवी! प्रत्यक्षात तासभर चालवला तरी पत्र्याच्या घरात जेमतेम बरं वाटतं. असं का?

कारण खोली ही भोकं पडलेली बादली आहे. आपण वरून उष्णता ओततो आणि ती तीन वाटांनी निघून जाते. पहिली वाट छताची. पत्र्याच्या छतातून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण ६ वॅट उष्णता बाहेर जाते. आपल्या खोलीचं छत ९ चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त, फरक ८ अंश. म्हणजे सुमारे ४५० वॅट. दुसरी वाट भिंतींची. नऊ इंची विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण २ वॅट. चारही भिंती उघड्यावर असतील तर सुमारे ६०० वॅट. तिसरी वाट फटींची. खोलीतली हवा तासाला पाच वेळा बदलते असं धरलं, तर दर वेळी २७२ किलोज्यूल बाहेर जातात आणि सरासरी ३८० वॅट पडतात. बेरीज १४०० वॅटच्या वर. हीटर देतो १५००. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी शक्ती गळती भरून काढण्यातच जाते.

यात स्वच्छ आकाशाचाही वाटा आहे. ढग नसलेल्या रात्री पत्रा आपली उष्णता किरणोत्सर्गानं थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणून पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि अंथरुणावर टिपकतं. जुन्या घरांत कौलांखाली माळा असे आणि माळ्यावर धान्य, लाकूडफाटा, पेंढा. ती साठवण होती, पण तिच्यामुळे छताखाली स्थिर हवेचा एक जाड थरही मिळत असे.

फटींचा दुसरा उपयोग

ही गणितं पाहून पहिला विचार येतो तो फटी बुजवण्याचा. दारं-खिडक्या गच्च लावल्या की तिसरी वाट बंद. विजेचा हीटर असेल तर हे बरोबरच आहे. पण खोलीत काही जळत असेल, तर फटींचं दुसरंही एक काम असतं.

कोळसा किंवा लाकडाचे निखारे जळतात तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो. ऑक्सिजन भरपूर मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कमी मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड. राखेच्या थराखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यांना हवा कमीच मिळते. त्यामुळे कोळशाच्या शेगडीतून दर किलो कोळशामागे साधारण २०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. लाकूड धूर करतं तेव्हा आपण खोकतो आणि दार उघडतो. धूर संपून लालबुंद निखारे उरले की 'आता आत आणायला हरकत नाही' असं म्हणतो. नेमके तेव्हाच ते सर्वांत फसवे असतात.

आता आपल्याच खोलीत १०० ग्रॅम कोळसा, म्हणजे जेमतेम ओंजळभर, तासाभरात जाळू. त्यातून २० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार, एका तासाच्या सरासरीसाठी हवेच्या दर घनमीटरमागे ३५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड असू नये.

कुडाच्या आणि कौलाच्या घरात हवा तासाला २० वेळा बदलते असं समजू. २० ग्रॅम वायू ५६० घनमीटर हवेत मिसळला, म्हणजे घनमीटरला सुमारे ३६ मिलिग्रॅम. अगदी मर्यादेच्या काठावर. आता तीच शेगडी बंद तावदानांच्या, स्लॅबच्या खोलीत आणू. इथे हवा तासाला एकदाच बदलते असं धरलं, तर तासाच्या शेवटी प्रमाण घनमीटरला ४५० मिलिग्रॅमच्या आसपास पोचतं. मर्यादेच्या बारा-तेरा पट. कोळसा तेवढाच, माणसं तीच, फक्त फटी गेल्या.

शिवाय १०० ग्रॅम कोळशातून तासाभरात सरासरी ८०० वॅटच उष्णता मिळते. बंद खोलीच्याही भिंती-छतातली गळती भरून काढायला ती पुरत नाही. मग माणूस आणखी कोळसा घालतो, आणि वायूही त्याच प्रमाणात वाढतो.

जुन्या घरात थंडी वाजायची आणि शेगडी सहसा घात करत नसे, या दोन्हींचं कारण एकच होतं. 'आमचे आजी-आजोबा निखारे घेऊनच झोपायचे, त्यांना काही झालं नाही' असं कुणी म्हणालं, तर ते खोटं नाही. पण त्यांचं घर वेगळं होतं.

हा वायू करतो काय?

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एकदा तो बसला की ऑक्सिजनला जागा राहत नाही. हवेत ऑक्सिजन असूनही शरीराची उपासमार होते. १८९० च्या दशकात ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याच्या परिणामांची नोंद केली. लहान प्राण्यांवर परिणाम आधी दिसतो, म्हणून खाणीत उतरताना पिंजऱ्यातला पक्षी किंवा उंदीर बरोबर न्यावा, ही सूचना त्यांचीच. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते.

लक्षणं साधी असतात: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, पायातलं बळ जाणं. सर्दी-पडसं किंवा दिवसभराचा शीण समजून माणूस आणखी गुरफटून झोपतो. झोपेत तर काहीच कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर संशय याच वायूचा घ्यावा. दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर यायचं, शेगडी बाहेर काढायची, आणि कुणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. दवाखान्यात मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तास पुरतो. म्हणून 'जरा पडून राहा, बरं वाटेल' हा सल्ला धोक्याचा.

धोका फक्त कोळशाचा नाही. २१ जानेवारी २०२० रोजी नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत दगावले. त्यांत चार मुलं होती. खोलीत गॅसवर चालणारा हीटर रात्रभर लावलेला होता. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हे आपल्याकडच्या शहरांतलं याचंच रूप. आणि त्र्यंबक-पेठकडची अनेक कुटुंबं भाताची कापणी झाली की निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात. तिथली थंडी अधिक कडक. बागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. मजुरांच्या ताडपत्रीच्या झोपडीला भिंतींतून ऊब नसते, पण ताडपत्री हवा मात्र नीट अडवते. तिथे निखाऱ्याचं घमेलं आत घेणं म्हणजे ओंजळभर कोळशाचं वरचं गणित आणखी लहान खोलीत मांडणं.

बाळंतिणीची खोली

सर्वांत जपून बोलायला हवं ते बाळंतिणीच्या खोलीबद्दल. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, वारा लागू नये म्हणून बंद केलेलं दार, हे सगळं मायेपोटी केलं जातं. यामागचा हेतू बरोबर आहे: नवजात बाळाला थंडी खरोखर सोसत नाही. वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे ते भराभर उष्णता गमावतं. चुकतं ते साधन. तेच बाळ त्या वायूलाही सर्वांत आधी बळी पडतं.

याला उत्तर आहे, आणि ते फुकट आहे. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे पडत होते. डॉ. एडगर रे आणि डॉ. एक्टर मार्तिनेझ यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आईचं शरीर सुमारे ३७ अंशांवर असतं आणि रात्रभर विझत नाही. याला 'कांगारू पद्धत' म्हणतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. बाळाच्या डोक्यावर टोपरं, पायात मोजे, अंगावर आई आणि दोघांवर मिळून पांघरूण. गावातल्या आशाताईंना ही पद्धत विचारून घ्यावी.

कशाला किती खर्च?

आता साधनांची तुलना करू. निरनिराळ्या इंधनांची उष्णता एकाच मापात, म्हणजे विजेच्या युनिटमध्ये मोजली तर ती सोपी जाते. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. खालचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत; आपल्या गावचे भाव घालून मुलांकडून गणित पुन्हा करून घ्यावं.

वीज: युनिटला ८ रुपये धरू. आपली गळकी खोली रोज सहा तास उबदार ठेवायला १.४ गुणिले ६, म्हणजे सुमारे साडेआठ युनिट लागतात. महिन्याला २५० युनिट, २००० रुपये. शिवाय घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढच्या टप्प्याचा बराच जास्त असतो. बाजारात सळईचा, पंख्याचा, तेल भरलेला असे हीटर मिळतात. एक युनिट विजेतून ते सगळे सारखीच उष्णता देतात. फरक असतो तो ऊब पसरण्याच्या पद्धतीत. खोलीत विषारी वायू होत नाही हा विजेचा मोठा गुण. मात्र १५०० वॅटचा हीटर साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो. तो अर्थिंग असलेल्या मोठ्या सॉकेटवरच लावावा. साध्या सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावला तर आग लागते.

गॅस: १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट उष्णता असते. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर युनिट ५ रुपयांना पडतं. वीजेपेक्षा स्वस्त दिसतं, पण स्वयंपाकाची शेगडी खोली तापवायला पेटती ठेवणं धोक्याचं.

कोळसा: किलोत सुमारे ८ युनिट. ४० रुपये किलो धरला तर युनिटला ५ रुपये. त्याचा धोका वर पाहिलाच.

लाकूड: वाळक्या लाकडात किलोला सुमारे ४ युनिट. विकत घेतलं तर युनिट दोन-अडीच रुपयांना, रानातून आणलं तर 'फुकट'. ते ज्यांच्या डोक्यावरून येतं त्या बायका-मुलींचा वेळ यात कुणी मोजत नाही. धुराची किंमत वेगळीच. स्वयंपाकघरातल्या इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस पुष्कळ घरांत पोचला, तरी पाणी तापवायला आणि शेकायला चूल राहिलीच. ती अंगणात किंवा पडवीत, मोकळ्या हवेत असावी.

खोली सोडा, माणूस तापवा

आतापर्यंत आपण २८ घनमीटर हवा तापवत होतो. झोपलेल्या माणसाला लागते ती फक्त त्याच्या अंगाभोवतीची बोटभर हवा. आणि भट्टी त्याच्याजवळ असतेच: झोपेतलं मोठं माणूस साधारण ७५ वॅट उष्णता देत असतं, आठ तासांत अर्ध्या युनिटापेक्षा जास्त. प्रश्न फक्त ती अडवण्याचा आहे.

अडवते ती स्थिर हवा. लोखंड हवेच्या तुलनेत सुमारे दोन हजार पट, वीट पंचवीस-तीस पट उष्णता वाहून नेते. जुन्या लुगड्यांचे थर टाके घालून शिवलेली गोधडी म्हणजे थराथरात कोंडलेली हवा. घोंगडीत लोकर तेच काम करते. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, अंगाखालची गोधडी वजनानं दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. म्हणून फरशीवर झोपणाऱ्याला थंडी खालून लागते. खाली न दबणारं काहीतरी हवं: भाताच्या पेंढ्याची गादी, जाड चटई, खोक्यांचे पुठ्ठे, किंवा सरळ बाज. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत मुलांना दुसरं पांघरूण देण्याआधी खाली काय आहे ते पाहावं. दुसरं, ओल. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट उष्णता नेतं. म्हणून गोधडी रोज दुपारी उन्हात वाळवणं ही नुसती टापटीप नाही.

याला जोड गरम पाण्याची. एक लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला ६ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे चाळीस पैसे. रबराच्या पिशवीत भरून, फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवली की ती दोन-तीन तास ऊब देते. उकळतं पाणी भरू नये, आणि लहान बाळाला लगटून ठेवू नये.

हा विचार नवा नाही. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी घेतात. जपानमध्ये बुटक्या मेजावर दुलई पसरून खाली ऊब ठेवतात, त्याला 'कोतात्सु' म्हणतात. दोन्हीकडे खोली थंडच राहते, माणूस ऊबेत असतो. पण दोन्हींत पूर्वी निखारेच असत. सतत कांगडी घेतल्यानं पोटा-मांड्यांच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच केलं होतं. जपाननं निखारे काढून विजेचा छोटा हीटर बसवला. कल्पना ठेवायची आणि निखारा काढायचा, हे आपल्यालाही जमेल.

छताची गळती कमी करायला पत्र्याखाली फूटभर अंतरावर बांबूच्या तट्ट्याचं किंवा चटईचं आढं करावं. मधली हवा पांघरुणाचं काम करते आणि दवही अंगावर पडत नाही. मात्र ते चुलीच्या वर नको. नवं घर बांधणाऱ्यांनी एक खिडकी दक्षिणेला ठेवावी. आपल्या अक्षांशावर, सुमारे २० अंश उत्तरेला, डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खोलीत आतवर येतं. मे महिन्यात तो डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीतून येत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखं

तीन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखंच गरम पाणी घ्या. एक उघडा, एक ओल्या फडक्यात, एक कोरड्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा.

पेटती उदबत्ती दाराच्या, खिडकीच्या फटींजवळ आणि कौलांखाली धरा. धूर कुठे वळतो त्यावरून घराच्या फटींचा नकाशा तयार करा.

मुलांनी आठवडाभर पहाटे आपापल्या घरातलं आणि अंगणातलं तापमान घ्यावं. छत कशाचं, भिंत कशाची, खिडक्या किती, रात्री आत काय पेटतं, ही माहितीही लिहावी. एकाच वर्गात कुडाची, पत्र्याची आणि स्लॅबची घरं सापडतील. कोणतं घर किती अंशांनी उबदार ते फळ्यावर मांडल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: यांतल्या कोणत्या घरात शेगडी आत नेलेली सर्वांत धोक्याची? सर्वांत उबदार निघालेल्या घराकडे मुलांचं बोट गेलं, तर सगळा धडा त्यांना कळला असं समजावं. त्या दिवशी एकच वाक्य वहीत लिहायला सांगावं, घरी वाचून दाखवायला: ज्या खोलीत काही जळतं आहे, त्या खोलीत झोपायचं नाही.